विळास म्हणजे पत्ता

“दहा हजार काढलेस व्हय गं?”

आप्पांचा फोन आला तेव्हा मी अजून एटीएमच्या काचेच्या दाराच्या आतच उभी होते आणि माझे दोन्ही हात रिकामे होते. मशीनच्या पोटात नोटा मोजल्याचा फडफड आवाज मी कानांनी ऐकला होता. मग ती झडप उघडलीच नाही. पडद्यावर चाक फिरत राहिलं, काहीतरी ओळ आली आणि गेली, कार्ड बाहेर आलं, पाठोपाठ एक चिठ्ठी आली. आणि तिकडं कोल्हापूर जिल्ह्यात, भुदरगड तालुक्यातल्या आमच्या घरात, आप्पांच्या साध्या मोबाइलवर, खात्यातून 10,000 रुपये वजा झाल्याचा मेसेज पोचलासुद्धा होता.

“काढायला गेले होते आप्पा, पण आले नाहीत.”

“आले न्हाईत म्हंजे? हितं तर गेलं म्हणतंय.”

शुक्रवार होता, 21 फेब्रुवारी 2025, रात्रीचे पावणेआठ. मला बेळगावात येऊन तीन आठवडेही झाले नव्हते.

बी.कॉम. झाल्यावर उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेबाच्या कामाला लागले आणि इथं आले. घरी कुणाला मी परमुलखात चालले असं वाटलं नव्हतं. आमच्याकडं बेळगाव म्हणजे सोयरिकीचं गाव. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली ही नावं लहानपणापासून कानावरची. बाजारात भाव मराठीत करता येतो, रिक्षावाला मराठीत बोलतो, कानडी बोलणाऱ्या बायकाही “काय पायजे बाळा” म्हणून विचारतात. पण पैशाचं काम कागदावर चालतं, आणि माझा एकही कागद बेळगावचा नव्हता.

हे पहिल्यांदा कळलं ते सिटी बसमध्ये. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. शेजारच्या बाईनं आधार दाखवलं, कंडक्टरनं शून्याचं तिकीट फाडून दिलं. मीही आधार पुढं केलं. त्यानं ते उलटं करून मागचा पत्ता बघितला आणि परत दिलं. “महाराष्ट्र अदं, टिकीट तगोरी.” योजना कर्नाटकच्या रहिवासी बायकांसाठी आहे, त्याचं काही चुकलं नव्हतं. मी तिकीट घेतलं. पण त्या दिवसापासून मला आधारच्या मागची बाजू दिसायला लागली, इतके दिवस मी फक्त पुढचाच फोटो बघत होते.

माझं खातं होतं गावाकडच्या एका नागरी सहकारी बँकेत. कॉलेजला असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं. तेव्हा माझ्याकडं मोबाइल नव्हता म्हणून नंबर आप्पांचा दिला, आणि तो तसाच राहिला. ही चूक किती लांबवर जाते हे गाव सोडल्याशिवाय समजत नाही. यूपीआय चालू करायचं तर खात्याला जोडलेलं सिम आपल्याच फोनमध्ये लागतं. ओटीपी आप्पांच्या फोनवर. आप्पा शेतात, तिथं रेंज नाही. म्हणजे सगळं जग चहाचे दहा रुपये फोनवरून देत असताना मला प्रत्येक गोष्टीला रोख लागायची, आणि रोख म्हणजे दुसऱ्या बँकेचं एटीएम, कारण माझ्या बँकेची इथं ना शाखा ना मशीन. मोठी महानगरं सोडली तर दुसऱ्या बँकेच्या मशीनवर महिन्याला पाच वेळा फुकट असतं, नुसती शिल्लक बघितली तरी तो एक वार मोजला जातो. त्यापुढं तेव्हा 21 रुपये अधिक कर पडायचा. 1 मे 2025 पासून ते 23 झाले आहेत. म्हणून मी थोडेथोडे न काढता एकदम मोठी रक्कम काढायचं ठरवलं होतं.

ते दहा हजार कशाला हवे होते तेही सांगते. वडगावात मागांच्या खटखटीत एका घराच्या वरच्या मजल्यावर मला खोली मिळाली होती. घरमालकीण मावशी एकट्याच. डिपॉझिट पंधरा हजार. आप्पांनी येताना कनवटीला बांधून दिलेल्यातले पाच मी पहिल्याच दिवशी दिले आणि उरलेले दहा महिनाअखेरीला देते असा शब्द दिला. नव्या गावात माणसाकडं तेवढाच एक शब्द असतो.

त्या रात्री एटीएममध्ये मी एक गोष्ट बरोबर केली, आणि ती हिशेबाच्या सवयीनं झाली. चिठ्ठी फेकली नाही. त्या चिठ्ठीवर तारीख, वेळ, मशीनचा नंबर, माझ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि बारा आकड्यांचा संदर्भ क्रमांक होता. असल्या चिठ्ठीचा कागद उष्णतेनं छापलेला असतो, पर्समध्ये आठवडाभर राहिला की अक्षरं उडतात. मी तिथंच दिव्याखाली तिचा फोटो काढला. मशीनवर चिकटवलेल्या नंबराचा आणि बाहेरच्या पाटीचाही काढला. रखवालदार नव्हता. मागं उभा असलेला मुलगा म्हणाला, “परत एकदा टाकून बघा की.” मी टाकलं नाही. मशीन बिघडलेलं असेल तर आणखी दहा हजार अडकायचे, आणि माझ्या खात्यात तेवढे नव्हतेही. दहा गेल्यावर 3,400 उरले होते.

खोलीवर येऊन मावशींना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. थापटी थांबवली नाही.

“जेवलीस काय?”

“मावशी, तुमचे पैसे—”

“पैसे कुठं पळून जात न्हाईत गे. जेव अगोदर.”

शनिवार हा महिन्यातला चौथा होता, म्हणजे बँका बंद. रविवार आलाच. माझ्या बँकेचा कार्डासाठीचा फोन नंबर वाजत राहिला, कुणी उचलला नाही. आणि त्याच शनिवारी सकाळी मावशींच्या टीव्हीवर बातमी आली. आदल्या दिवशी बेळगाव तालुक्यात बसमध्ये भाषेवरून वाद झाला होता, कंडक्टरला मारहाण झाली होती, आणि आता दोन्ही राज्यांच्या एसट्या सीमेवरच थांबल्या होत्या. इथल्या लोकांना याची सवय आहे. मावशी म्हणाल्या, “चार दिवस बंद ऱ्हाते, मग सुरू होते.” मला सवय नव्हती. माझं खातं सीमेच्या पलीकडं, मी अलीकडं, आणि मध्ये गाडी नाही. 1956 साली रेघ कुठं ओढली, 1967 साली आयोगानं काय म्हटलं, 2004 पासून सुप्रीम कोर्टात काय चाललंय, हे मी शाळेत परीक्षेपुरतं वाचलेलं. त्या दिवशी ती रेघ माझ्या दहा हजारांवरून गेली.

खर्चाला तर पैसे हवेत. मावशींनी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका दुकानात नेलं. झेरॉक्स, रिचार्ज आणि दारावर ‘आधारवर पैसे मिळतील’ अशी कानडीत आणि मराठीत हातानं लिहिलेली पाटी. कार्ड नको, ओटीपी नको. आधारचा नंबर सांगायचा, बँक निवडायची, अंगठा लावायचा. खात्याला आधार जोडलेलं असेल आणि बँक त्या व्यवस्थेत असेल तर कुठल्याही गावात चालतं, एका वेळी दहा हजारांपर्यंत. माझा अंगठा दोनदा लागला नाही. दुकानदारानं काच पुसली, माझा अंगठाही फडक्यानं पुसायला लावला, तिसऱ्यांदा लागला. मी पंधराशे काढले. त्यानं वेगळे पैसे मागितले नाहीत, छापील पावती दिली. ही सोय गावाकडच्या म्हाताऱ्यांसाठी असते असं मला वाटायचं. नव्या शहरात आलेल्या माणसालाही तिचा फार आधार असतो. फक्त पावती घेतल्याशिवाय दुकानाबाहेर पडू नये, रक्कम आपल्या डोळ्यांनी पडद्यावर बघूनच अंगठा ठेवावा, आणि रोजची गरज नसेल तेव्हा आधारच्या ॲपमधून बोटांचे ठसे लॉक करून ठेवावेत. अंगठा चोरीला गेला तर पिन बदलतात तसा बदलता येत नाही.

सोमवारी कारखान्यातून तासाची सुट्टी मागून त्या एटीएमच्या बँकेत गेले. काउंटरमागच्या साहेबांनी चिठ्ठीचा फोटो नीट बघितला. टाळाटाळ केली नाही, हे मुद्दाम सांगते. त्यांनी समजावलं ते असं: मशीनमध्ये किती नोटा भरल्या आणि किती बाहेर पडल्या याचा मेळ घातला जातो. नोट मोजून आत अडकली तर ती आतल्या वेगळ्या डब्यात पडते आणि मेळाच्या वेळी जादा निघते. मशीन स्वतःची रोजनिशीही लिहीत असतं, कुठल्या सेकंदाला काय झालं त्याची. म्हणजे पैसा हरवत नाही. पण तो परत मिळवायची मागणी कार्ड देणाऱ्या बँकेनं करायची असते.

“मशीन आमचं, कार्ड त्यांचं. तक्रार कार्डवाल्यांकडंच जाते. आम्ही इथं लिहून घेतलं तरी ते पुढं सरकणार नाही.”

हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, आणि माझ्यासारख्या कितीजणांना माहीत नसेल. ज्या मशीननं पैसे गिळले त्याच्याच दारात माणूस भांडत बसतो. बेळगावच्या दवाखान्यांत सिंधुदुर्गातून, चंदगडकडून, गोव्यातून माणसं पेशंट घेऊन येतात. रात्री अकराला औषधाच्या पैशासाठी एटीएमसमोर उभी असतात. त्यांच्यातल्या एकाचे अडकले तर त्यानं काय करावं? म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

इकडं आप्पा सकाळीच आमच्या शाखेत जाऊन आले होते. तिथं त्यांना सांगितलं, खातेदाराची सही पाहिजे. मी अर्ज लिहून शेजारच्या पोराच्या फोनवर फोटो पाठवला, त्याची प्रिंट काढून आप्पा पुन्हा गेले. फोटोतली सही चालत नाही म्हणाले. मी बँकेच्या मुख्य कार्यालयाला ईमेल केला. उत्तर नाही.

त्या रात्री मी नियम शोधला. रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक आहे, अडकलेल्या व्यवहारांबद्दलचं. एटीएममध्ये खात्यातून पैसे वजा झाले आणि हातात आले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेनं ते स्वतःहून परत जमा करायचे. त्यापुढं जेवढे दिवस उशीर, तेवढे दिवस रोज 100 रुपये भरपाई, तीही खातेदारानं मागायची वाट न बघता. साधं, स्पष्ट, आकड्यात लिहिलेलं. मी ते दोनदा वाचलं आणि मला पहिल्यांदा झोप लागली. शुक्रवारपासून मी स्वतःलाच दोष देत होते, हेच मशीन कशाला निवडलं, एकदम दहा हजार कशाला टाकले. त्या कागदात माझ्या चुकीचा उल्लेखच नव्हता.

सकाळी कारखान्यातल्या कॅशियर मामांना सांगून त्या परिपत्रकाची प्रिंट काढली, दिवसाची रजा टाकली आणि निघाले. कर्नाटकची बस निपाणीपर्यंत मिळाली. निपाणीपर्यंत पूर्ण तिकीट. आधारच्या मागच्या बाजूमुळं. निपाणीत उतरल्यावर कळेना की आता मी कुठल्या राज्यात आहे. पाट्या कानडी, बोलणं सगळं मराठी, हवेत तंबाखूचा वास. स्टँडवर महाराष्ट्राची गाडी नव्हती. बाहेर वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खाजगी गाडी, उभी होती, मुधाळ तिट्ट्याला जाणारी, नेहमीपेक्षा जास्त भाडं आणि नेहमीपेक्षा जास्त माणसं. माझ्या मांडीवर कुणाचं तरी पोर होतं. तिट्ट्यावरून गारगोटीला एसटी मिळाली आणि तिथं अर्धं तिकीट, कारण मार्च 2023 पासून महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे, महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. तीच मी, तेच आधार.

शाखेत साडेबारा वाजले. क्लार्कनं चिठ्ठी बघितली.

“हे मशीन आमचं नाही. ज्यांचं आहे त्यांच्याकडं जा.”

“त्यांच्याकडं जाऊन आले. कार्ड तुमचं आहे. तक्रार तुम्ही पुढं पाठवायची आहे.”

“पैसे आपोआप येतात ओ. आठ-पंधरा दिवस थांबा.”

आठ-पंधरा दिवस. या शब्दाचा मला राग आला. मोठ्यानं बोलले नाही. प्रिंट काउंटरवर ठेवली आणि जिथं पाच दिवस लिहिलंय त्या ओळीवर बोट ठेवलं. शेजारी आप्पा उभे होते, टोपी हातात घेऊन. आप्पा बँकेत नेहमी टोपी काढतात. क्लार्क ती प्रिंट घेऊन आत गेला. थोड्या वेळानं शाखाधिकाऱ्यांनी आत बोलावलं, अर्ज वाचला, संदर्भ क्रमांक चिठ्ठीशी ताडून बघितला आणि म्हणाले, “देऊन जा.”

“पोच पाहिजे.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, तारीख घातली, सही केली. 25 फेब्रुवारी 2025. पोचेचा तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. तोंडी सांगितलेलं काम आणि शिक्क्याचं काम यातला फरक आप्पांनी आयुष्यभर सोसला आहे, पीक कर्जाच्या वेळी, विम्याच्या वेळी. बाहेर आल्यावर त्यांनी टोपी घातली आणि तो कागद मागून घेऊन शिक्क्यावरून बोट फिरवलं.

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र, बँकांना सुट्टी. त्याच दिवशी माझे पाच दिवस संपले. मी त्याच पहाटे वडापनं परत आले होते.

पुढचे दिवस कसे काढले त्याबद्दल फार लिहीत नाही. कॅशियर मामांनी दोन हजारांची उचल दिली. मावशींना महिनाअखेरीला जाऊन सांगितलं की शब्द पाळता येत नाही, तर त्यांनी विषयच बदलला. दुपारच्या डब्यात त्यांच्याकडून एक भाकरी जास्त यायला लागली. मी वहीत रोज रात्री एक ओळ लिहायची: 27 तारीख, 100. 28 तारीख, 200. मार्चची 1, 300. पैशासाठी लिहीत होते असं नाही. ते लिहिलं की आपण कुणाच्या दारात भीक मागायला उभे नाही आहोत याची खात्री व्हायची.

4 मार्चला आप्पांचा फोन. “आले बघ. धा हजार जमा म्हणतंय.” माझ्या वहीत त्या दिवशी 600 झाले होते.

ते 600 जमा झाले नव्हते. फोन केला तर क्लार्क म्हणाला, “मूळ पैसे मिळाले ना? मग?” या ‘मग’पाशी आपल्यापैकी बहुतेकजण थांबतात. पैसे आले, सुटलो, कोण परत खेटे घालणार. मीही थांबले असते. पण मी रोज कारखान्यात दुसऱ्यांच्या बिलांवर उशिराचं व्याज लावते, तिथं कुणी मला ‘मग?’ म्हणत नाही. 10 मार्चला दुसरा अर्ज केला, या वेळी रजिस्टर पोस्टानं मुख्य कार्यालयाला. सहा दिवसांच्या तारखा, नियमाचा दिनांक, पोचेची झेरॉक्स. शेवटी एवढंच लिहिलं की तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाईन. ही लोकपाल योजना नोव्हेंबर 2021 पासून सगळ्या देशाला एकच आहे. तक्रार घरबसल्या करता येते, पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. पन्नास कोटींच्या वर ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकाही तिच्याखाली येतात. माहिती हवी असेल तर 14448 हा नंबर आहे. मुख्य अट अशी, आधी आपल्या बँकेला लेखी कळवलेलं असलं पाहिजे आणि तीस दिवस वाट बघितलेली असली पाहिजे. म्हणून ती पोच.

तोपर्यंत मी ठरवलं होतं की बेळगावात माझं स्वतःचं खातं काढायचं, माझ्या स्वतःच्या नंबरावर.

पहिल्या बँकेत अर्ज हातात न देताच विचारलं, “लोकल ॲड्रेस प्रूफ?” आधार भुदरगडचं. मावशींचं हेस्कॉमचं विजेचं बिल नेलं होतं, ते त्यांच्या वारलेल्या यजमानांच्या नावावर. माझं त्यांच्याशी नातं काय, तर भाडेकरू. भाडेकरार आहे का? नाही. मावशींना करार म्हटलं की घर जातंय असं वाटतं, आणि एकट्या बाईला तसं वाटण्याबद्दल मी त्यांना बोल लावणार नाही. “मग अवघड आहे,” म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. रस्त्यावर येऊन मी बराच वेळ नुसती उभी होते. या गावात मी राहते, जेवते, काम करते, इथल्या देवळात जाते, आणि मी इथं आहे असं सांगणारा एक कागद माझ्याकडं नाही.

15 मार्चला, तिसऱ्या शनिवारी, दुसऱ्या एका बँकेत गेले. तिथल्या मॅडम कानडी. मी मराठीत सुरुवात केली, मग हिंदीत वळले. त्या म्हणाल्या, “मराठी स्वल्प स्वल्प बरतद, बोला.” त्यांनी अर्ज पुढं ठेवला. कानडी, हिंदी आणि इंग्रजी. मला कानडी लिपी येत नाही. त्या एकेका रकान्यावर पेन टेकवून कानडी शब्द मोठ्यानं वाचत गेल्या, बहुधा स्वतःच्या सवयीनं. खाते. शाखे. दिनांक. सही. ठेवणी. मी ऐकत राहिले. अक्षरं ओळखीची नव्हती आणि शब्द माझ्याच घरातले होते. मग त्यांचं पेन एका लांब रकान्यावर थांबलं.

“विळास.”

“म्हणजे?”

“विळास म्हंजे पत्ता. ॲड्रेस.”

मी तीच अडचण सांगितली. त्यांनी आधार मागितलं, अंगठ्याचं मशीन पुढं केलं. अंगठा पहिल्यांदाच लागला. पडद्यावर माझा गावाकडचा पत्ता उमटला. मग ड्रॉवरमधून एक कोरा नमुना काढला. आधारच्या पडताळणीनं खातं उघडत असाल आणि सध्याचा राहण्याचा पत्ता आधारवरच्या पत्त्यापेक्षा वेगळा असेल, तर स्वतःच्या सहीनं तसं लिहून दिलं की चालतं. रिझर्व्ह बँकेच्या ओळखपडताळणीच्या नियमातच ही मुभा आहे. पहिल्या बँकेतल्या माणसाला ती माहीत नव्हती, की सांगायची नव्हती, देव जाणे. नवीन गावात खातं काढायला जाल तेव्हा एका काउंटरवर नाही म्हटलं म्हणून घरी परतू नका, आणि ‘सेल्फ डिक्लरेशन’ हा शब्द तोंडात ठेवून जा.

मी वडगावचा पत्ता लिहिला. गावाचं नाव लिहिताना पेन अडखळलं. आमच्या तोंडात बेळगाव, 2014 च्या 1 नोव्हेंबरपासून कागदावर बेळगावी. मॅडमनी इंग्रजी रकान्यात बोट दाखवलं, मी बेळगावी लिहिलं, आणि सही मराठीत केली. सही मराठीत चालेल का असं विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, “सही निम्मदु. तुमची तुम्ही, कशी पण.”

आठवड्यात कार्ड आलं. यूपीआय चालू झालं. पहिले दहा हजार मी मावशींना फोनवरून पाठवू शकले असते, पण त्यांच्याकडं तसलं काही नाही, आणि मला ते हातात द्यायचे होते. काढून आणले. या वेळी दोन वेळा पाच-पाच करून. त्यांनी नोटा मोजल्या नाहीत, देव्हाऱ्यात ठेवल्या. आधारवरचा पत्ता मात्र मी बदलला नाही. शक्तीचं फुकट तिकीट मिळालं असतं, पण त्या कार्डाच्या मागं आप्पांचं नाव आणि आमच्या वाडीचं नाव आहे. सध्या मी तिकीट काढते.

खातं उघडल्यावर आठ-दहा दिवसांनी आप्पांचा फोन. आधी पाऊस-पाणी, मग म्हशीचं. मग म्हणाले, “तुजं मेसेज यायचं बंद झालं.”

“आता माझ्याच नंबरवर येतात आप्पा.”

“व्हय, ते बरं झालं.” थोडा वेळ गप्प. “मेसेज आला की कळायचं, पोरगी आज भाईर गेलती, पैसे काढले, म्हंजे काय तर घेतलं असंल. आता काय कळत न्हाई.”

मला काय बोलावं सुचेना. त्या दिवसापासून संध्याकाळी खोलीवर पोचले की मी त्यांना एक फोन करते.

पाडव्याच्या तीन दिवस आधी, 27 मार्चला, मी फोन करायच्या आधीच त्यांचा आला. जुन्या खात्याचा मेसेज होता. ते चष्मा लावून एकेक अक्षर वाचत होते.

“सहाशे जमा, म्हणतंय. हे कसलं गं?”

“दंडाचे.”

“तू दंड भरलास?”

“मी नाही आप्पा. बँकेनं भरला. सहा दिवसांचा.”

पलीकडं आवाज नव्हता. मला वाटलं रेंज गेली. मग त्यांनी आईला हाक मारल्याचं ऐकू आलं, आणि ते पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं, तो मेसेज वाचायला लागले.